किडनी प्रत्यारोपणानंतर थरथर, डोकेदुखी, झटके: केव्हा घाई करावी?

प्रत्यारोपणानंतर घरातल्या सगळ्यांचे लक्ष क्रिएटिनिनच्या आकड्याकडे असते. मेंदूच्या तक्रारी मात्र ‘अशक्तपणा असेल’ म्हणून मागे पडतात.

सर्वांत जास्त दिसते ती हातांची थरथर. कप धरताना, सही करताना ती जाणवते. बहुतेक वेळा कारण असते टॅक्रोलिमस. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून हे औषध लागतेच. थरथर सौम्य असेल तर घाबरू नका, पण पुढच्या भेटीत सांगा. डोस स्वतःहून कमी करू नका. पातळी तपासायला जाताना सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी, नाहीतर आकडा फसवा येतो.

ही पातळी अचानक वाढते ती बऱ्याचदा दुसऱ्याच आजाराच्या औषधामुळे. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, गजकर्णासाठी फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल ही नेहमीची उदाहरणे. जुलाबातही ती वाढू शकते. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचे फेनिटॉइन ती खाली आणतात, मग किडनी धोक्यात येते. म्हणून मेडिकलमधून परस्पर काहीही घेऊ नका. आम्हा फॅमिली डॉक्टरांनाही दर वेळी प्रत्यारोपणाची आठवण करून द्या.

तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, असंबद्ध बोलणे किंवा झटका आला आणि बीपीही वाढलेले असेल, तर ‘प्रेस’ या स्थितीची शंका घेतात. यात मेंदूला, बहुधा मागच्या भागात, सूज येते. ती एमआरआयमध्ये दिसते. बीपी लवकर आटोक्यात आणून औषधात बदल केला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. इथे तासांना किंमत आहे, सकाळपर्यंत थांबू नका.

संसर्ग जास्त फसवा असतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने मेंदूज्वरातही ताप किंवा मान आखडणे दिसेलच असे नाही. क्षयरोग किंवा क्रिप्टोकोकस या बुरशीच्या संसर्गात काही दिवस हळूहळू वाढणारी डोकेदुखी एवढीच खूण असू शकते. अशा वेळी डॉक्टर पाठीतून पाणी काढून तपासायला सांगतील. त्याने पाय लुळे पडतात ही भीती अनेक घरांत असते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, त्यामुळे या भीतीपोटी तपासणी नाकारू नका.

घरी झटका आलाच तर रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा आणि निघताना औषधांची पिशवी सोबत घ्या.