कॅमशाफ्ट व झडपेची स्प्रिंग : टर्बो एंजिनातील फेरफार

टर्बोचार्जर जोडलेल्या वेगवान मोटारीच्या एंजिनातील मूळ कॅमशाफ्ट काढून त्यांच्या जागी झडपा अधिक काळ व अधिक उंच उचलून धरणारे कॅमशाफ्ट बसविणे, आणि त्या वाढीव गतीस पुरून उरतील अशा स्प्रिंगांची तजवीज करणे, असा हा दुहेरी फेरफार होय. प्रस्तुत नोंदीत मित्सुबिशीचे ४जी६३ हे १,९९७ घन सेंमी.चे, चार सिलिंडरांचे व सोळा झडपांचे एंजिन प्रमाण धरले आहे. १९९२ पासून लॅन्सर इव्होल्यूशन मोटारीत ते योजिले जाई व त्याच मोटारीने टॉमी मॅकिनेन याने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक रॅली-अजिंक्यपदे मिळविली. जपानी उत्पादकांनी २००४ पर्यंत आपसांत पाळलेल्या २८० अश्वशक्तीच्या मर्यादेमुळे मूळ कॅमशाफ्ट सौम्य राहिले, असे सामान्यतः सांगितले जाते. धुरासंबंधीच्या नियमांचाही त्यात वाटा असावा.

कॅमशाफ्ट : झडप उघडी राहण्याचा काळ क्रँकशाफ्टच्या अंशांत सांगतात, आणि बाजारात २६४, २७२, २८० असे अंक रूढ आहेत, परंतु झडप किती उचलली गेल्यावर मोजणी सुरू करावी याविषयी उत्पादकांत एकवाक्यता नसल्याने केवळ अंकांवरून तुलना करणे व्यर्थ होय. साध्या एंजिनात आगम व निष्कास या दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहणे उपकारक ठरते. येथे मात्र टर्बाइनमागे तुंबलेल्या वायूचा दाब आगमनळीतील दाबाहून अधिक झाल्यास जळालेला वायूच सिलिंडरात परत शिरतो, म्हणून हा काळ बेताचाच ठेवतात. मोठ्या कॅममुळे वरच्या वेगात शक्ती वाढते, पण रिकामी चाल अडखळती होते आणि टर्बोचा जोर उशिरा लागतो.

स्प्रिंग : कीर्ती कॅमची, परंतु एंजिनाचा जीव स्प्रिंगवर, कारण कॅम झडप उघडतो, मिटविणे मात्र स्प्रिंगनेच करावयाचे असते. जडत्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मिनिटाला ७,००० फेऱ्यांवरून ८,००० वर जाताना वेग एक-सप्तमांशाने वाढला तरी बल सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. स्प्रिंग अपुरी पडल्यास झडप कॅमला न जुमानता तरंगू लागते, आणि ४जी६३ मध्ये तर रोलर असलेला रॉकर जागेवरून निखळून पडण्याचे भय असते. त्यात टर्बोचा दाब मिटलेल्या आगमझडपेला मागून ढकलतो : झडपेचे शीर्ष ३४ मिमी. व्यासाचे व दाब चौरस सेंटिमीटरला दीड किलोग्रॅम धरल्यास हा विरोध साडेतेरा किलोग्रॅमच्या घरात जातो, आणि बैठकीवरील भारातून तेवढा वजा झाला असे समजूनच स्प्रिंग निवडावी लागते. निष्कासझडपेच्या पाठीवरही टर्बाइनमागचा दाब असतोच.

तथापि अधिक ताठ म्हणजे अधिक चांगली, हा समज घातक होय. त्याने घर्षण व झीज वाढते, आणि हायड्रॉलिक समायोजकावर गैरवाजवी भार येतो. स्प्रिंगची स्वतःची कंपनसंख्या, पूर्ण उचलीस वेटोळी एकमेकांस भिडू नयेत एवढी मोकळीक, आणि बसविलेली उंची ही प्रत्येक झडपेपाशी मोजून घ्यावी, कमी-अधिक असल्यास खाली पातळ चकती घालावी. आतबाहेर दोन स्प्रिंगा घालण्याचा शिरस्ता जुना; दोहोंची कंपनसंख्या भिन्न असल्याने एकीचे आंदोलन दुसरीने शमते. वर निमुळती होत जाणारी एकेरी स्प्रिंग लहान व हलक्या टोपीवर भागते, आणि हलत्या भागांचे वजन घटविणे हाच प्रस्तुत लेखकाच्या मते खरा इलाज. टायटॅनियमच्या टोप्या याच हेतूने वापरतात. मर्सिडीज-बेंझने १९५४ च्या डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या मोटारीत मिटविण्याचे कामही कॅमकडेच सोपविले होते. मोटारींत ती रीत रुजली नाही, डुकाटीच्या मोटारसायकलींत रुजली.

जोडणी : टायमिंग पट्ट्याच्या खुणा चुकल्यास झडपा पिस्टनवर आदळून वाकतात, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती ठेवून, एंजिन हाताने फिरवून, तिच्या ठशावरून अंतर पाहतात. त्यानंतर इंधन व प्रज्वलन यांचा हिशेब नव्याने बसवावा लागतो.

शक्तिवृद्धी : मोजणीयंत्रागणिक आकडे बदलतात.

उत्तरकालीन प्रकार : २००५ च्या नवव्या आवृत्तीत आगम-कॅमशाफ्टची वेळ चालत्या एंजिनात पुढेमागे करण्याची योजना आली, तिला स्वतंत्र कॅमशाफ्ट लागतो.