रोगाचा नकाशा आणि निलंग्याचे ठिपके

१/
एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात निलंग्याचे नाव राज्यभरच्या बातम्यांत झळकले. हरियाणातून आंध्र प्रदेशाकडे निघालेले १२ प्रवासी टाळेबंदीत नुकतेच येथे येऊन थांबले होते. त्यांपैकी ८ जण कोरोनाबाधित निघाले. हे प्रवासी ना निलंग्याचे, ना लातूर जिल्ह्याचे. तरी आकडा मात्र जिल्ह्याच्या नावे नोंदला गेला. रोगाच्या नकाशावर ठिपका नेमका कुठे द्यायचा? रुग्णाच्या घरी, तपासणी झाली तिथे, की लागण झाली तिथे? प्रश्न जुनाच आहे.

२/
लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी ज्या घरात मृत्यू झाला त्या घरापाशी नकाशावर एकेक काळी रेघ ओढली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती दिसली. नकाशा पाहून स्नो यांना पाण्याचा संशय आला, अशी कथा सांगितली जाते. ती खरी नव्हे. दूषित पाण्याविषयीचे त्यांचे मत आधीच बनले होते आणि पंपाचा दांडा निघाला तो नकाशा छापला जाण्यापूर्वी. शिवाय त्यांचा सर्वांत बळकट पुरावा दाटीपासून पुष्कळ दूर होता. हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडीने मागवून पीत असे. तीही पटकीनेच गेली. पाणी कुठून येत होते, ही चौकशी झाली नसती तर तो मृत्यू हॅम्पस्टेडचा म्हणून बाजूला पडला असता.

३/
आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात थैमान घालत होता. मुंबई इलाख्याचे सरकार मृत्यूंचे तक्ते करू लागले, पण ते इलाख्यापुरते. सोलापूर इलाख्यात होते. निलंगा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. दोन्हींची दप्तरे निराळी.

४/
जुन्या आकड्यांवरून आज नकाशे काढणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबादला (आजचे धाराशिव) जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, जिल्हे मात्र तीन झाले. ‘बीदर’ या नावाखालचे जुने आकडे आजच्या बीदरच्या सीमेत भरले, तर निलंग्याची माणसे कर्नाटकात मोजली जातात.

५/
ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगसदृश रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे एक कारण तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची घबराट उडाली आणि काही देशांनी भारताची विमानसेवाच थांबवली. दोन ठिकाणांपायी अख्खा देश रंगला! त्याच वर्षी ईमेलने साथींच्या वार्ता देणारे ‘प्रोमेड’ सुरू झाले. २००६ मध्ये ‘हेल्थमॅप’ अशा वार्ता ऑनलाइन नकाशावर मांडू लागला.

६/
२२ जानेवारी २०२० रोजी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॉरेन गार्डनर व एन्शेंग डोंग यांचा कोरोना नकाशा सुरू झाला. काळ्या पार्श्वभूमीवरची ती लाल वर्तुळे कोण विसरेल? पण सुरुवातीचे कित्येक आठवडे त्यावर सारा भारत म्हणजे एकच वर्तुळ होते. जिल्हानिहाय चित्र दाखवले ते ‘कोविड१९इंडिया’च्या स्वयंसेवकांनी, राज्यांची पत्रके आणि बातम्या रोज चाळून. हे काम ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालले. त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे मला वाटते.

७/
३० एप्रिल २०२० रोजी केंद्राने देशातील जिल्ह्यांची यादी केली: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. एप्रिलच्या अखेरीस लातूर जिल्ह्यात रुग्ण सापडत होते ते उदगिरात. जिल्हा नारिंगी ठरला, म्हणून निलंगाही नारिंगी. लगतचा उमरगा तालुका उस्मानाबादचा, म्हणून हिरवा. केंद्राच्या आदेशानुसार ४ मेपासून हिरव्या जिल्ह्यांत निम्म्या आसनांवर बस धावू शकत होती, नारिंगीत नाही. म्हणजे कासारसिरसीच्या माणसाला बस मिळायची की नाही, याचे उत्तर त्याच्या गावात किती रुग्ण आहेत यावर नव्हे, तर १९८२ साली आखलेल्या रेषेवर ठरत होते.