मुंबई–लंडन : हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

१. मुंबई–लंडन हवाई अंतर : छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,९०० सागरी मैल आहे (१ सागरी मैल = १.८५२ किमी). पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो ज्या रेषेवर बसेल, तिची ही लांबी. सपाट नकाशावर ही रेषा उत्तरेकडे फुगलेली दिसते. प्रत्यक्ष मार्ग याहून लांब पडतो, कारण विमानाला ठरलेले हवाई मार्ग पाळावे लागतात आणि बंद आकाश टाळावे लागते. ही रेषा ज्या युक्रेनवरून जाते, त्याचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे.

ताशी ९०० किमी वेगाने हे अंतर आठ तासांत कापले जावे. पण वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंत मोजतात. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना तासभर कमी.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले विमान दहा तास उडूनही लंडनला संध्याकाळी साडेसहालाच उतरते.