छोट्या विमानातली वाऱ्याची शिट्टी : आवाज कुठून येतो आणि तो कसा शोधतात?

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेल्या गाडीने महामार्गावर वेग घेतला की कधी कधी दाराच्या कडेतून बारीक शिट्टी सुरू होते. काच नीट वर केली, दार पुन्हा आपटून लावले, तरी ती जात नाही. शेवटी गॅरेजवाला सांगतो, ‘बीडिंग गेलीय.’

छोट्या विमानातही असेच घडते. फरक एवढाच की तिथे गाडी बाजूला घेऊन उतरून पाहता येत नाही. शिवाय तो आवाज दाराच्या रबराचा आहे की पंखाच्या एखाद्या सैल भागाचा, यावर बरेच काही अवलंबून असते.

उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली सुरू झाला. आज तिथे प्रवासी विमानांची ये-जा असते. ‘छोटे विमान’ म्हणजे त्याहून बरेच लहान, एका इंजिनाचे, दोन किंवा चार आसनांचे विमान. बारामती, धुळे, गोंदिया, जळगाव आणि शेजारच्या बेळगावात वैमानिक अशाच विमानांवर शिकतात. यांचा पत्रा पातळ असतो आणि दारे मोटारीच्या दारांसारखी साधी असतात. म्हणून वाऱ्याचा आवाज आत सहज पोहोचतो.

वारा आवाज कसा करतो?

ढोबळमानाने चार प्रकार असतात.

- फटीतला फुत्कार : उडताना विमानाच्या गोलाईवरून हवा वेगाने वळते, तिथे बाहेरचा दाब कमी होतो. केबिनमधली हवा दाराच्या फटीतून बाहेर ओढली जाते आणि ‘स्स्स’ असा आवाज येतो.
- काडीची शिट्टी : अँटेना, तार किंवा बारीक नळी यांच्या मागे हवेचे भोवरे आलटून पालटून सुटतात. ताराही अशाच गुणगुणतात.
- पोकळीचा हुंकार : रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा खोल आवाज. उघडे राहिलेले छिद्र किंवा निसटलेले झाकण यामागे असू शकते.
- फडफड आणि खडखड : सैल पट्टी, पत्रा किंवा बाहेर राहिलेला आसनपट्टा.

काडीच्या शिट्टीचे गणित चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये मांडले. वाऱ्याचा वेग काडीच्या जाडीने भागून सुमारे ०.२ ने गुणला की स्वराची कंपनसंख्या मिळते. ११० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ मीटर वेगाने उडताना ६ मिलिमीटर जाडीची काडी सुमारे १,९०० हर्ट्झची शिट्टी घालते. वेग ८० नॉटवर आणला की तीच शिट्टी १,४०० हर्ट्झच्या आसपास उतरते. मोबाइलवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारे अ‍ॅप असेल, तर किती जाडीची वस्तू शोधायची याचा अंदाज येतो.

आधी ठरवायचे : वारा की इंजिन?

मिनिटाला २,४०० फेऱ्या घेणाऱ्या दोन पात्यांच्या पंख्याचा मूळ स्वर ८० हर्ट्झचा असतो. तो फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो. वाऱ्याचा आवाज मात्र विमानाच्या वेगाबरोबर बदलतो, आणि वेग थोडा वाढला तरी तो बराच वाढतो.

म्हणून पुरेशा उंचीवर इंजिनाची ताकद कमी करून, नाक किंचित खाली घेऊन, वेग तोच ठेवतात. आवाज जसाच्या तसा राहिला तर तो बहुधा वाऱ्याचा. ताकदीबरोबर बदलला तर इंजिन, पंखा किंवा धुराड्याकडे पाहायचे.

हवेत करायच्या चाचण्या

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शोधाचा मूळ नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर कशामुळे मिळाले ते कळत नाही.

- रडरने नाक थोडे डावीकडे, मग उजवीकडे वळवायचे. आवाज एका बाजूला वाढला तर शोधाची बाजू ठरते.
- फ्लॅप त्यांच्या परवानगीच्या वेगातच खाली घ्यायचे. आवाज तेव्हाच येत असेल, तर फ्लॅपच्या कडा आणि फटी तपासायच्या.
- ताज्या हवेची झडप उघडायची. केबिनमधला दाब थोडा बदलतो. त्यासरशी फुत्कार बदलला, तर दार किंवा खिडकीतून गळती असण्याची शक्यता मोठी.
- शक्य असल्यास दाराच्या कडेवर तळहात फिरवायचा. गळती पुष्कळदा हाताला आधी कळते.

हे काम दोघांचे आहे. एकाने फक्त विमान उडवायचे, दुसऱ्याने ऐकायचे आणि लिहायचे. वेळ सकाळची निवडावी. दुपारी तापलेल्या माळावरून उठणारे हवेचे लोट आणि पावसाळ्यातला सह्याद्रीकडून येणारा जोराचा पश्चिमी वारा यांत विमान इतके हलते की बारीक आवाज हरवून जातो.

जमिनीवरचा शोध

दाराच्या रबरी पट्टीत कागदाची चिठ्ठी धरून दार लावायचे आणि चिठ्ठी ओढायची. ती सहज निसटली तर तिथे पट्टी दाबली जात नाही. अंधारात आत दिवा ठेवून बाहेरून पाहिले की फटीतून उजेड दिसतो. उन्हाने रबर कडक होते आणि तडकते, म्हणून उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानात पट्टी पहिली संशयित.

पण जमिनीवर घट्ट बसलेले दार हवेत तसेच राहील याची खात्री नसते. बाहेरच्या कमी दाबाने दाराची वरची कड किंचित बाहेर ओढली जाते आणि फट फक्त उडतानाच उघडते. मग नवी पट्टी लावूनही शिट्टी परत येते, कारण दोष बिजागरीत किंवा कडीत असतो.

टेपची चाचणी आणि तिचा धोका

सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे संशयित फटीवर सहज निघणारी मास्किंग टेप लावून उडून पाहणे. आवाज गेला तर जागा सापडली. नाही गेला तर ती टेप काढून पुढची फट. मात्र हे परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या संमतीनेच करायचे. लावलेली प्रत्येक टेप लिहून ठेवायची आणि नंतर मोजून काढायची. हलत्या भागांवर, हवेच्या वाटांवर, निचऱ्याच्या छिद्रांवर आणि ज्या दारातून बाहेर पडायचे त्याच्या कडीवर टेप लावायची नाही.

सर्वांत महत्त्वाचे, स्टॅटिक छिद्रांना हात लावायचा नाही. बाहेरच्या हवेचा दाब या बारीक छिद्रांतून घेतला जातो आणि त्यावरच उंची व वेग दाखवणारी उपकरणे चालतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ रात्री लिमाहून उडाले. साफसफाईच्या वेळी या छिद्रांवर लावलेली टेप काढायची राहून गेली होती. उंची आणि वेगाचे आकडे चुकीचे येऊ लागले, अंधारात समुद्र किती खाली आहे ते वैमानिकांना कळेना. विमान पॅसिफिक महासागरात कोसळले आणि त्यातले सर्व ७० जण मृत्युमुखी पडले. शिट्टी शोधताना हाती टेप घेणाऱ्याने ही घटना विसरू नये.

एक शिट्टी मुद्दाम ठेवलेली

सेसना १७२ च्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. वेग घटून पंख उचल गमावण्याच्या बेतात आला की त्या छिद्रातून हवा ओढली जाते आणि पेटीच्या सुरासारखी एक पट्टी वाजू लागते. हा इशारा आहे. ती वाजली तर आवाज शोधत बसायचे नाही. नाक खाली घ्यायचे, ताकद वाढवायची.

शोध थांबवून उतरायचे ते कधी?

- आवाजाबरोबर दांड्यात किंवा पायपट्ट्यांत थरथर जाणवली, तर एलेरॉन, रडर किंवा शेपटीचा भाग सैल असू शकतो. हळुवारपणे वेग कमी करायचा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचे.
- आवाज अचानक सुरू झाला आणि वाढतच गेला, तरीही उतरायचे.
- पंखावर इंधनाचा ओघळ दिसला, तर टाकीचे झाकण नीट बसलेले नाही. वरचा कमी दाब इंधन बाहेर ओढतो.

उलट, उड्डाणानंतर लगेच धडधड सुरू झाली तर पुष्कळदा कारण साधे असते : दारात अडकून बाहेर राहिलेला आसनपट्टा पत्र्यावर आपटत असतो. दार किंचित उघडले तरी बहुतेक छोटी विमाने उडत राहतात. अशा वेळी खरा धोका गोंगाटाने लक्ष उडण्याचा. आधी विमान सांभाळायचे, फेरी पूर्ण करून उतरायचे आणि दार जमिनीवर लावायचे.

नोंद कशी करावी?

‘विमानात आवाज येतो’ एवढे लिहून अभियंत्याला काहीच कळत नाही. ‘९० नॉटच्या वर, डाव्या बाजूने, नाक उजवीकडे वळवल्यावर वाढतो, ताकद कमी केल्यावर बदलत नाही’ असे लिहिले, तर तो सरळ डाव्या दारापाशी जाऊन उभा राहतो.