नागूर बाबूचा मनो

युसूफ खानचा दिलीपकुमार झाला, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तमिळ सिनेमातली अशीच हकिकत मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. आंध्रातल्या सत्तेनपल्लीत १९६५ साली जन्मलेल्या नागूर बाबूला इळयराजांनी तमिळमध्ये गायला लावले आणि नावही नवे दिले, 'मनो'. नागूर म्हटले की शाहुल हमीद यांचा दर्गा आठवतो. मनो म्हटल्यावर जात-धर्म काहीच कळत नाही. मुस्लिम नावाने तिथे गाताच येत नव्हते, असेही नाही. नागूर हनिफा द्रमुकच्या सभा आपल्याच नावाने गाजवत होते. पण ते व्यासपीठ. सिनेमाचा हिशेब वेगळा.

१९९४च्या 'कादलन'मध्ये मनो आणि स्वर्णलता यांचे 'मुक्काला' देशभर वाजले. त्याचे संगीतकार ए. आर. रहमान, जन्मनाव दिलीपकुमार! एकाच गाण्यात एकाचे नाव झाकलेले, दुसऱ्याचे स्वतः निवडलेले.

पुढे विजय टीव्हीवरच्या 'सुपर सिंगर ज्युनिअर'मध्ये मनो चित्रांसोबत परीक्षक झाले. कोवळ्या पोरांना मतांच्या बाजारात उभे करणे आम्हाला रुचत नाही. हरलेल्या मुलाचे रडणेसुद्धा तिथे विकले जाते. तरी २०१२ची गोष्ट नोंदवायलाच हवी. त्या वर्षी प्रेक्षकांच्या मतांवर तिसरे पर्व जिंकले ते आजीद खालिक या मुलाने. तमिळ घराघरांतून मते आली ती याच नावाला, आणि समोर परीक्षकाच्या खुर्चीत नागूर बाबू बसले होते.