एकास सहा

मंडळी, रॅगिंगविरोधी नियम म्हटलं की आपल्याला आठवतं ते प्रतिज्ञापत्र. विद्यार्थ्याची सही, पालकांची सही, संपला विषय. पण या नियमांमागचा इतिहास वाचताना त्यांची दुसरी बाजूही सापडते.

आपल्याकडे कायदा आला तो जीव गेल्यावर. १९९६ मध्ये तमिळनाडूत पोन नवरसू या मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा एका सिनियरने खून केला. १९९७ मध्ये तिथे रॅगिंगबंदी आली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि कॉलेजातून काढलं की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. तरी थांबेना! मग सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली गेली. २००७ मध्ये तिचा अहवाल आला. आणि मार्च २००९ मध्ये हिमाचलात टांडाच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू गेला. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आणि हेल्पलाइन आली.

आता दुसरी बाजू. त्याच नियमांत लिहिलंय की नव्या मुलांचे छोटे गट करा, प्रत्येक गटाला एक शिक्षक द्या, त्याने रोज विचारपूस करावी. शिवाय सहा नव्या मुलांमागे एक मेंटॉर.

हे का लिहावं लागलं? नव्या मुलाला माहितीची गरज असते. मेस कुठली बरी, सबमिशनला काय लागतं, कुठल्या सरांशी कसं बोलायचं... ही माहिती फक्त सिनियरकडे. रॅगिंग म्हणजे तिची वसुली. आधी 'इंट्रो' दे, मग नोट्स घे! शिक्षेने वसुली थांबते, पण गरज तशीच राहते. उलट भीतीपोटी सिनियर बोलायचाच बंद झाला, तर खेड्यातून आलेला मुलगा आणखी एकटा पडतो.

पुढे २०१७ मध्ये एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला, २०१९ मध्ये यूजीसीने 'दीक्षारंभ'. चांगलंच आहे. पण तीन आठवडे संपतात, आणि घरची आठवण चौथ्या आठवड्यातही येतेच की. माझ्या कॉलेजात प्रतिज्ञापत्र न चुकता भरून घेतलं. मेंटॉर मात्र एकदाच भेटला.

असो. तुमच्या घरातलं कुणी यंदा दुसऱ्या वर्षाला गेलं असेल, तर त्याला एवढंच सांगा: सहा नाही जमले तरी चालेल, एकाला तरी मेस दाखव.