१६० चौरस फुटांचा संसार

१९२०च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यात गिरणी कामगाराचं अख्खं कुटुंब, शिवाय गावाहून आलेला पाहुणा.

मग जागा भिंतींवर शोधली गेली. वर माळा, त्यावर पावसाळ्याची बेगमी. मांडणीत ताटं उभी, वाट्या उपड्या, खाली उतरत्या क्रमाने डबे. खाटेखाली ट्रंका. पहाटेच वळकट्या बांधल्या जात, म्हणजे रात्रपाळीहून परतलेल्याला निजायला कोपरा मोकळा होई.

ही घडी बसवली बायकांनी. गिरणगावाच्या इतिहासात या कसबाला फार कमी ओळी मिळाल्या, हे खटकतं. गावच्या उतरंडीचं, शिंकाळ्याचं शहाणपण त्यांनी इथे आणलं: रोजचं हाताशी, सणाची पितळी भांडी माळ्यावर, लोणच्याची बरणी मुलांचा हात पोहोचणार नाही अशी.